तिसऱ्या दिवशी फेकलेल्या बशा

दिनांक ९ जानेवारी रोजी मी प्रयोगशाळेत लेखी तक्रार नोंदवली, ती अशी: प्रयोगाच्या काचेच्या बशा धुणाऱ्या मावशी नियम पाळत नाहीत, ज्या बशीत यीस्ट उगवले नाही, ती तिसऱ्या दिवशी न फेकता कपाटामागे ठेवतात, सबब त्यांना कामावरून कमी करावे.

एकोणीस वर्षे त्या हे काम करत होत्या. धुण्यापूर्वी प्रत्येक बशी खिडकीच्या उजेडात धरून पाहण्याची त्यांना खोड होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी आम्हा दोघांना बोलावले. मावशी आठवडाभर ठेवलेली बशी घेऊनच आल्या.

“मावशी, हे यीस्ट मेलंय,” मी म्हणालो. “त्यातलं एक जनुक आम्हीच काढलंय. त्याच्याशिवाय ते जगत नाही, असं पुस्तकात आहे.”

“मेलं नाही हो, आळशी आहे. आमच्या धाकट्या जाऊबाईंसारखं. उशिरा उठतं, पण उठतं!”

सरांनी भिंग लावले. बशीत मोहरीहून बारीक, पांढरे ठिपके, म्हणजे उगवलेले यीस्ट! खात्रीसाठी आम्ही तेच जनुक काढलेले यीस्ट पुन्हा पाच बशांत पेरले. सहाव्या दिवशी पाचही बशांत ते उगवले आणि सर चक्क टाळ्या वाजवू लागले. पदवीधर आम्ही सहा जण. तिसऱ्या दिवसापलीकडे कोणी पाहिलेच नव्हते. मी हसत हसत तक्रार फाडली.

मावशींनी तुकडे गोळा केले. “हे मात्र आजच फेकते हं, साहेब!”

वाचकहो, आपणही तिसऱ्या दिवशी बशा फेकून ‘मृत’ असे लिहिले असेल, तर ते खोडा आणि आठवडाभर थांबून पुन्हा पाहा.