कमांड सापडत नाही

काल्हेरला आमच्या जमिनीवर गोदाम उभं राहिलं तेव्हा मी गोदामाच्या शेठना एकच अट घातली: ऑफिसात मी बसणार. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नव्हता हो. एक जुनं पुस्तक आणि रिकाम्या दुपारी, एवढ्यावर शिकले. गाड्यांचे गेटपास मी काढायची आणि सर्व्हरही मीच सांभाळायची. सर्व्हर म्हणजे काय, तर कोपऱ्यातला मोठा डबा, ज्याच्या जिवावर बाकीचे कॉम्प्युटर चालतात.

तो डबा एकदा कायमचा बंद पडला. शेठनी नवा आणला. मी सीडीवरून त्यात लिनक्स घातलं, म्हणजे पडद्यावर जे विचारलं त्याला हो म्हणत गेले. मग माझ्या नावानं आत शिरले आणि तिथूनच मालकाचा पासवर्ड दिला. या मालकाला तिथं रूट म्हणतात, त्याला सगळी मोकळीक. आता नेटवर्क जोडायचं म्हणून आयएफकॉन्फिग ही कमांड, म्हणजे मशीनला द्यायचा हुकूम, लिहिली, तर उत्तर आलं, अशी कमांड सापडत नाही.

म्हणजे काय? मशीन कोरं करकरीत, मालक मी, आणि कमांड नाही? दुसरी लिहिली, तीही नाही. फायलींची यादी मात्र मुकाट दाखवत होतं. सीडीच अर्धवट असेल म्हणून सगळं पुसून पुन्हा घातलं. पुन्हा तेच! डोकं चालेना.

बाहेर गाड्या गेटपाससाठी खोळंबलेल्या. शेठ दारातूनच म्हणाले, "भाभी, आपसे होगा के नहीं? नहीं तो कल से ठाणे का आदमी बैठेगा इधर."

माझी खुर्चीच जायची वेळ आली की.

तेवढ्यात जाऊबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या, त्याही तणतणतच. सकाळी त्यांनी मला त्यांच्या घराची चावी दिली होती, भात टाकून ठेव म्हणून. मी फळी बघितली आणि तांदूळ संपलेत असा निरोप धाडून इकडं आले.

"डबा भरून तांदूळ हाय माझ्या घरात!" त्या म्हणाल्या.

"फळीवर नव्हते हो."

"फळीवर तुझ्याकडं असतान गो! माझ्याकडं माळ्यावर. माझ्या घरात शिरलीस, न् शोधलास तुझ्या घरासारखा?"

मी पडद्याकडं वळले. माझ्या नावानं शिरून मालक झाले खरी, पण हे मशीन कमांड शोधायला अजून माझ्याच फळ्या धुंडाळत असेल तर? पुस्तकात मालकाच्या कमांडींचं कपाट दिलेलं होतं, एसबिन नावाचं. त्यातली यादी मागितली. अगंबाई! आयएफकॉन्फिग तिथंच बसलेलं. मग आधी कपाटाचं नाव आणि पुढं कमांड, असा सगळा पत्ता लिहिला, तर लगेच चालली.

"झाला?" जाऊबाईंनी विचारलं.

"झालं. तांदूळ सापडले."

"येड लागलाय हिला," म्हणत त्यांनी डबा उघडला.

मग एकेक कमांड अशीच पत्त्यासकट लिहीत गेले. पहिला गेटपास निघाला तसे शेठ आले.

"क्या खराब था, भाभी?"

"काहीच नाही, शेठ."

"कुछ गायब था?"

"तेही नाही. सगळं जागच्या जागी होतं."

"तो फिर सुबह से दो बार क्यूँ डाला?"

मी पुढच्या गाडीचा गेटपास काढायला घेतला. ठाण्याचा माणूस काही आला नाही.