दिव्याच्या बटणावरची चूल

साधी गोष्ट अवघड करून दाखवण्यात आमच्या काकांचा हात धरणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. दाराला कडी लावायची तर ते कडीला दोरी, दोरीला कप्पी आणि कप्पीला वजन लावत आणि मग स्वतःच बाहेर अडकत. साठ सालानंतर आमच्या गावाला, कोरीटला, वीज आली तेव्हा त्यांच्या परसात गोबरगॅस होताच. शहाण्या माणसाने दोघांना लांब ठेवलं असतं. काकांनी सुरतेच्या भंगारबाजारातून विजेवर चालणारा पितळी व्हॉल्व्ह आणला, गॅसच्या नळीत बसवला आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याच्याच बटणाला जोडला. दिवा लावला की गॅस सुरू, मालवला की बंद.

जेवायला आलेल्या पाहुण्यालाही सुटका नसे. "आत तारनं वेटोळं शे. वीज उनी की त्यानं चुंबक व्हस, लोखंडी दांडी वर खेचाई जास, वाट मोकळी. वीज गयी की स्प्रिंग दांडीले खाले दाबस, वाट बंद!" पाहुणा घास हातात धरून मान डोलावी. वीज तर रोजच जाई; गेली की आधी बटण बंद करायचं, हा काकांचा दंडक. तव्यावर भाकरी कच्ची राही आणि काका खूश, व्हॉल्व्ह चोख चालला म्हणून! दिवा लागला की हात जोडायची काकीची रीत, त्यामुळे भर दुपारी डाळ चढवतानाही ती बल्बला नमस्कार करी. आम्ही पोट धरून हसायचो.

काकी मात्र दुखावली होती. "तुमले मन्हावर भरोसा नही, म्हनीसन हाई कुलूप लायं," ती म्हणे. काका उत्तरादाखल पुन्हा वेटोळ्यापासून सुरुवात करत.

नुसत्या वासावर भाजीतलं कमीजास्त सांगणारी म्हणून तिचा गावात लौकिक होता. ती गेल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा काका चहा ठेवत होते.

"व्हॉल्व्हना पहिले एक दिन चूल इझेल व्हती, घरमा गॅस भरेल व्हता," ते म्हणाले, "आनि ती तठेच बशीसन तांदूळ निवडी ऱ्हायनी व्हती. तिले वासच नही उना. तुन्हं नाक गयं, असं तिले कसं सांगू? नाकले नही तं डोयाले तरी समजो, गॅस चालू शे का बंद, म्हनीसन दिवाले जोडा. मले भ्याव वाटस, हाई बी सांगता नही उनं. मंग व्हॉल्व्ह समजाडत ऱ्हायनू."

मला फार वाईट वाटलं. माझ्याऐवजी हे काकीने ऐकायला हवं होतं.