पायाळूची लाथ

मी जन्मलो तो पाय आधी बाहेर काढून. डोकं मागून आलं, आणि घरच्यांच्या मते ते अजून पुरतं पोचलेलं नाही. पण पायाळू माणसाने लाथ मारली की कमरेत भरलेली उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे कोपर स्टेशनजवळच्या घरात ज्याला कुणी विचारत नाही तो मी, आंबिवलीच्या पुढे काकांच्या शेतावर गेलो की एकदम स्पेशालिस्ट होतो.

गेल्या वर्षी भातलावणीला गेलेलो. काकांकडे वर्षानुवर्षं मजुरीला येणारी मावशी बांधावर माझी वाटच बघत होती. तिने मला लंगोटात पाहिलेलं, त्यामुळे आदरबिदर काही नाही.

"आलास? चल, घाल लाथ."

"किती दिवस दुखतंय, मावशी?"

"दिवस कसले, दुसरी लावणी ही. आता डाव्या पायाला मुंग्या येतात. चिखलात पाय आहे की नाही, ते वाकून बघावं लागतं."

ही उसण नव्हे, एवढं माझ्या उशिरा आलेल्या डोक्यालाही कळलं. "अगं, मग दवाखान्यात का नाही गेलीस?"

"ओपीडी बारापर्यंत. तेव्हा मी इथे वाकलेली. आणि डॉक्टर सांगणार काय? वाकू नका! मग लावणी काय उभ्याने करू? नाही वाकले तर पुढच्या वर्षी मला बोलावणार कोण?"

हे ती शेजारी उभ्या काकांकडे न बघता म्हणाली. काकांनीही आभाळ बघून घेतलं.

"मारतो, पण मग दवाखान्यात यायचं."

"आधी लाथ!"

ती पाठमोरी उभी राहिली. बाकीच्या बायका हातातली रोपं तशीच धरून बघायला जमल्या. मी अगदी शास्त्रोक्त पद्धतीने उजवा पाय उचलला, आणि डावा बांधावरून सटकला. चिखलात असा आपटलो की कमरेतला कडाका काकांनाही ऐकू गेला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. मावशी कंबर धरून ओरडत होती, "अरे, लाथ राहिली रे माझी!"

मला रिक्षात कोंबायला चौघीजणी लागल्या. धरून बसायला कुणीतरी हवं होतं. काका म्हणाले, "मावशी, तूच जा. आणि जातेच आहेस तर तुझाही केसपेपर काढ."

डॉक्टरीणबाईंनी विव्हळणाऱ्या मला ठेवलं बाकावर आणि आधी तिला तपासलं. "शीर दबली आहे. आत्तापर्यंत उपचार काय केलेत?"

"याची लाथ ठरलेली," मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं. "पण हा पडला."

वाकणं बंद, व्यायाम सुरू. शेतावर परतून हे काकांना सांगताना मावशीचं हसू पहिल्यांदाच मावळलं. काका जरा घुटमळले. मग म्हणाले, "बसून रोपांच्या जुड्या बांध. पुढच्या वर्षीही तेच काम तुझं. आणि गुरुवारी सकाळी दवाखाना, शेत नाही."

गुरुवार माझाही होता. शेजारशेजारच्या खाटांवर आम्ही दोघं उताणे. व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्या पायाशी येऊन म्हणाली, "दादा, पाय सरळ वर उचला."

"ए पोरी, सरक बाजूला!" मावशी किंचाळली. "पायाळू आहे तो, पण नेम नाही त्याचा!"