स्वतःला कायम गार समजणारा कुकर

नर्सबाईंचा दुरुस्त केलेला कुकर त्यांच्या घरी पोचवायला निघालो होतो. निम्मी वाट सरली तेव्हा भाऊजींनी स्वतःहूनच सांगितलं. कुकर माझ्या हातात, टॉवेलात गुंडाळलेला. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, मोकळ्या हातांनी शिट्टी वाजवत पुढे. दुरुस्तीचं दुकान त्यांचं, हमाली माझी.

"वहिनी, कुकर सारखी एरर दाखवत होता ना, ती एररच खलास केली! सेन्सर काढला, त्या जागी एक रेझिस्टर जोडला. आता कुकरला कायम गारच वाटणार."

या इलेक्ट्रिक मल्टिकुकरच्या बुडाशी मधोमध एक चकती असते. तिच्यातला सेन्सर भांडं किती तापलं ते सांगतो, मग कुकर आपोआप थांबतो. वायर सुटली की सेन्सरच गेला, हे मीटर लावून बघायचं असतं. एवढं मलाही कळतं, कारण दुरुस्तीच्या कोर्सच्या परीक्षेच्या वेळी भाऊजींना पुस्तक वाचून दाखवायला मीच बसायचे. मीटर भाऊजींकडे आहे. गिऱ्हाइकांवर छाप पाडायला खिळ्याला टांगलेला असतो.

'माणूस वाईट नाही हो' असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. त्यांनी दुरुस्त केलेला पंखा उलटा फिरतो, तर म्हणतात, थंडीत बरं! "याच्या हाताला गुण आहे," असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या. त्या सुटल्या, आम्ही भोगतोय.

"म्हणजे करपलं तरी कुकर थांबणार नाही?"

"करपलं तर वास येईल की!"

"कोणाला? नर्सबाई कुकर लावून ड्यूटीवर जातात. घरात त्यांची आई एकटी, तिला कुशीवर वळवायलाही माणूस लागतं."

"फारच तापलं तर आतला फ्यूज उडतो हो."

मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात म्हणाले, "पण टेस्टिंग करतानाच उडाला मेला. मग तोही काढून वायर थेट जोडली."

मी रस्त्यातच उभी राहिले. देवाचं नाव घ्यावं तर तोंडात शिवी येत होती.

"घर पेटेल, भाऊजी. म्हातारी आत असेल. परत फिरा."

"परत कसं फिरू? आज देतो म्हणून सांगितलंय. त्या नर्सने दुसरीकडे नेला तर माझं नाव जाईल."

नाव! जणू काही होतंच.

भाऊजी जवळ आले, टॉवेलाचं टोक नीट खोचलं आणि आवाज मऊ केला. "वहिनी, दारात तुम्हीच जा. नवा सेन्सर बसवलाय, एवढंच सांगा. माझ्यावर ती विश्वास ठेवायची नाही. तुम्ही देवाधर्माच्या. तुम्ही खोटं बोलत नाही, हे तिला माहीत आहे."