डॉक्टर म्हणाले, घाई नाही

खोटं बोलायची मला सवय नाही. उलट तोंड फाटकं, म्हणून सासरी पहिल्यापासून बदनाम. पण एकदा बोलले आणि ते इतकं सहज बोलले, की माझं मलाच नवल वाटतं.

भाऊंच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली ती आषाढात. भाऊ म्हणजे माझे थोरले जेठ, नवऱ्याचे मोठे भाऊ. एरंडोलजवळच्या गावात कापूस, मका करायचे. तरुणपणी झालेल्या काविळीनं त्यांचं लिव्हर कायमचं खराब केलं होतं. दारूचा थेंब कधी घेतला नाही, तरी 'लिव्हर' म्हटलं की लोक गालातल्या गालात हसायचे. एकदोघांना मी चांगलंच झापलं होतं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला ते जळगावला आमच्याकडे यायचे. त्या खेपेला नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून मी बरोबर गेले. पुढे स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, सगळं मीच केलं आणि रिपोर्ट आणायलाही एकटीच गेले.

डॉक्टरांनी कागदावर लिव्हर काढून त्यात बोराएवढा गोल केला. म्हणाले, ''कॅन्सर आहे, पण नशीब, लवकर सापडला. बरगडीखालून बारीक सुई घालायची, सोनोग्राफीत बघत गाठीपर्यंत न्यायची आणि रेडिओलहरींनी तिचं टोक तापवायचं. गाठ जागच्या जागी जळते. पोट फाडायचं नाही, एकदोन दिवसांत घरी. पण हे गाठ लहान आहे तोवरच. याच आठवड्यात घेऊन या.''

मी विचारलं, ''सुईनं काही बरंवाईट झालं तर?''

''क्वचित रक्तस्राव होतो. धोका अजिबात नाही, असं मी कुणालाच सांगत नाही.''

बाकीचं सगळं सोडून मी तेवढंच धरून बसले. कारण श्रावणात आमच्याकडे कानबाई बसणार होती.

खान्देशाबाहेरच्या माणसाला हे सांगून कळायचं नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी घरात बसते, आणि गावोगावची भाऊबंदकी एका घरात गोळा होते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गहू घ्यायचे, त्याचे रोट करायचे, ते फक्त कुळातल्यांनीच खायचे. पण कुळात सुतक पडलं की त्या वर्षी सगळं बंद. आमच्याकडे बसवायचं ठरलं आणि दोन वर्षं ओळीनं तसंच झालं. एकदा धुळ्याचे चुलत सासरे गेले, एकदा त्यांच्याच घरातली म्हातारी. ''धाकटीच्या घरी आई यायलाच मागत नाही,'' हे एका चुलत जावेचं बोलणं माझ्या कानावर आलं होतं. अस्सा संताप आला होता मला! यंदा काहीही होवो, बसवणारच, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि आता ऐन वेळी भाऊ त्या टेबलावर गेले आणि काही झालं तर? शरम वाटते लिहायला, पण मला भाऊंची काळजी नव्हती वाटली. सुतकाची वाटली.

घरी आले. भाऊ ओट्यावर बसले होते, शेजारी नवरा. दोघांनी एकदम वर बघितलं. मी म्हटलं, ''छोटी गाठ आहे. सुईनं जाळून टाकायची. डॉक्टर म्हणाले, घाई नाही. कानबाई झाली की बघू.''

भाऊंचा चेहरा केवढा मोकळा झाला!

कानबाई थाटात बसली. भाऊ दारात उभे राहून प्रत्येक गाडी मोजत होते, ''बठ्ठा उनात ना?'' सगळे आले होते. ती चुलत जाऊसुद्धा आली, रोट खाऊन गेली. मी नाक वर करून मिरवले.

सोमवारी विसर्जन झालं. मंगळवारी मी म्हटलं, ''भाऊ, आता जाऊ या.'' ते म्हणाले, ''घाई नाही ना? मग फवारणी होऊ दे.'' मग पोळा आला. मग गणपती. मग पितरांचा पंधरवडा, त्यात कुणी दवाखान्याची पायरी चढतं का! मग कापूस वेचणी. प्रत्येक वेळी माझंच वाक्य माझ्या तोंडावर यायचं. तेव्हा एकदा तरी म्हणायचं होतं, मी खोटं बोलले, उठा. जीभ उचलली नाही. एरवी हीच जीभ सगळ्या गावाचं उणंदुणं काढते.

दिवाळीनंतर भाऊंचं जेवण तुटलं, तेव्हा आम्ही चौघं गेलो. भाऊ, जेठानी, नवरा आणि मी. डॉक्टरांनी नवा स्कॅन जुन्याशेजारी लावून बघितला. गाठ लिंबाहून मोठी झाली होती, शेजारी आणखी दोन, आणि मोठी रक्तवाहिनीही धरली होती. ''आता सुई घालण्यात अर्थ नाही,'' ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ''मी याच आठवड्यात आणा म्हणालो होतो. इतके महिने कुठे होतात?''

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत जेठ-भावजयीनं डोळ्याला डोळा भिडवला नव्हता, तो त्या दिवशी भिडला. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं.

''यांनी सांगितलं होतं साहेब,'' भाऊ म्हणाले. ''मीच ऐकलं नाही.''

मी तोंड उघडलं नाही. ओट्यावर माझं वाक्य ऐकलेला नवराही खाली बघत राहिला.

भाऊ वैशाखात गेले. तोवर त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, की का. जेठानी अजून त्यांच्यावर चिडून आहेत. मी गावी गेले की जवळ बसवून घेतात आणि हमखास तेच काढतात. ''तू सांगितलं होतं गं बाई. हट्टी माणूस. त्यांना माझी पर्वाच नव्हती.'' आणि रडायला लागतात.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवते आणि म्हणते, ''हो ना, अक्का.''