दार्सैतची मोरी

"उतर आत. तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे ते."

जोगळेकर सर हे हसत म्हणाले. मराठीत म्हणाले. शेजारी बलदियाचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, ओमानी इंजिनिअर उभा होता. पांढरा दिशदाशा, म्हणजे इथला पायघोळ झगा, गुडघ्यापर्यंत वर धरलेला, पायात गमबूट. त्याला मराठी कळत नव्हतं. म्हणूनच मराठीत.

आदल्या दिवशी वादी आली होती. डोंगरातला कोरडा ओढा पावसाने भरून धावायला लागला की इथले लोक म्हणतात, वादी आली. मस्कतला पाऊस क्वचित पडतो. पण पडला की उघड्या खडकांवर एक थेंब मुरत नाही, सगळं खाली येतं. खाली दार्सैत. खाली हमरिया. दोन्ही दाट वस्त्या. गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. तळमजल्यावरच्या लोकांनी गाद्या, पुस्तकं, तांदळाची पोती चिखलासकट बाहेर काढून ठेवली होती. रस्त्याखालून पाणी जायची मोरी तुंबली, म्हणून पाणी घरांत शिरलं. मोरी कुठपर्यंत तुंबलीय ते बलदियाला कळायला हवं होतं. ते काम आमच्या कन्सल्टन्सीकडे होतं. मी ड्रेनेज इंजिनिअर. जोगळेकर सर माझे टीम लीडर.

मोरीच्या मध्यावर एक चेंबर होता. मजुरांनी झाकण सरकवलं आणि सडक्या अंड्यांचा भपकारा आला. कुठूनतरी मैल्याचं पाणी आत मिसळलं होतं. अशा ठिकाणी आधी गॅस तपासतात. तपासायचं यंत्र ऑफिसच्या कपाटात होतं. तेवढ्यासाठी परत कुठे जायचं, असं सर म्हणाले. आणि मग ते वाक्य.

ओमानी इंजिनिअरचं नाव सालिम. त्याने इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाले ते?"

"म्हटलं, हा आमचा सगळ्यात चांगला माणूस आहे," सर म्हणाले.

सालिमने माझ्याकडे बघून मान हलवली. कौतुकाने.

मी उतरलो.

का उतरलो? नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा. ही कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी डोक्यात काहीच नव्हतं. फक्त अंगाने ऐकलं. तो आवाज अंगाच्या ओळखीचा होता. माझ्या आजाला गावात तसाच आवाज द्यायचे.

लोखंडी पायऱ्या, मग मांडीपर्यंत राड. खजुराच्या फांद्या, दगड, कुणाच्यातरी घराचा पडदा, एक मेलेली शेळी. डोळे चुरचुरले. जेमतेम पुढे गेलो, टॉर्च मारला, समोर गाळाची भिंत. मागे फिरलो. वर येताना हात पायरीवरून दोनदा सुटला. वरून सरांचा आवाज आला, "वर बघ, वर बघ." मला वाटलं हात देतायत. फोटो काढत होते.

वर येऊन मी ओकलो. सालिमने पाण्याची बाटली दिली. सरांनी गाडीचं दार आतून लावून घेतलं आणि काच थोडी खाली केली.

"तू मागून ये. लेबरच्या पिकपमधून. सीट खराब होईल."

मी पिकपच्या हौद्यात बसून ऑफिसला गेलो. सोबत दोन मजूर होते. त्यातला एक रफीक. चट्टग्रामचा, चाळिशी उलटलेला, दाढीला मेंदी लावणारा. त्याने स्वतःचा गमछा काढून माझ्या अंगावर टाकला.

माझा बाप गटारात कधी उतरला नव्हता. माणगाव तालुक्यात शाळेत गणित शिकवायचा. सरांना हे माहीत होतं. नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यांनी गाव विचारलं होतं, मग आडनाव मूळचं कुठलं ते, मग वडील काय करायचे ते. मी सगळं सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले. फार गोड म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्या डब्यातलं कधी काही घेतलं नाही. मदिनत सुलतान काबूसमधल्या त्यांच्या व्हिलावर सत्यनारायणाला सगळ्या ऑफिसला बोलावलं, आम्हाला मात्र नंतर सांगितलं, "तुमच्यात नसतं ना, म्हणून नाही बोलावलं."

गटारात उतरायचा तो माझा काका. मुंबईत. एक जण आत कोसळला म्हणून त्याला काढायला काका उतरला, आणि दोघंही आतच राहिले. बाप त्याचं प्रेत बघून आला आणि घरी येऊन मला म्हणाला, "शिक." एवढंच. मी शिकलो. पाण्याचंच शिकलो. पाणी कसं वाहून न्यायचं, माणसाने हात न लावता. मला वाटलं होतं, मी ते सगळं मागे टाकून आलो. समुद्रापलीकडे आलो. जोगळेकर माझ्याआधी येऊन बसला होता.

त्याच संध्याकाळी फोटो मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. चेंबरमधून वर येणारं माझं तोंड. राड माखलेलं, उघडं. खाली सरांनी लिहिलं होतं, "आमचे इंजिनिअरसाहेब शेवटी मूळ पदावर!"

खाली हसणारे चेहरे. अंगठे. एकाने लिहिलं, "हार्ड वर्क, सलाम." त्याला कळलं नसावं. किंवा कळलं असावं.

बायकोने, सुनीताने, फोटो बघितला. तिने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला.

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

मुलगी गृहपाठ करत बसली होती. इथल्या शाळेत इंग्रजी बोलून बोलून तिचं मराठी अडखळतं. तिने मान वर केली.

"बाबा, मूळ पद म्हणजे... प्रमोशन?"

सुनीता उठून आत गेली. काय सांगू? बाळा, आपल्यासाठी काही लोकांनी एक जागा राखून ठेवलीय. तू डॉक्टर हो, वकील हो, विमान उडव. तुझा पाय घसरायची ते वाट बघतायत. हे मराठीत सांगू की इंग्रजीत?

रात्रभर मी स्वतःला प्रश्न विचारत राहिलो, असं काही नाही. मी झोपलो. मेल्यासारखा झोपलो. सकाळी उठलो तेव्हा मात्र एक गोष्ट डोक्यात स्वच्छ होती. पुन्हा नाही.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा पावसाचा इशारा आला. शाळांना सुट्टी जाहीर झाली. मोरी त्याआधी मोकळी व्हायला हवी होती, नाहीतर पुन्हा तीच घरं बुडणार. बलदियाने गाळ ओढायची मशीन पाठवायची तयारी आधीच दाखवली होती. फक्त मशीनचा पाइप कुठून घालायचा ते आम्ही ठरवून द्यायचं होतं. सरांनी ते आठवडाभर लांबवलं. हमरियाच्या गल्ल्यांचं गटार त्यांनी दुरुस्तीच्या आराखड्यातून आधीच काढून टाकलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथे राहतं कोण? लेबर."

पुन्हा तोच चेंबर. सालिम यायचा होता, अजून पोचला नव्हता. आभाळ भरून आलं होतं. सरांनी मला बोटाने खूण केली. शब्दसुद्धा वापरला नाही. बोट खाली.

"नाही," मी म्हणालो.

"काय?"

"नाही उतरणार. आधी गॅस तपासा. तपासल्याशिवाय कुणीच उतरायचं नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला नाही. ते हसले. "आला का माज? बरं. तू नाही तर दुसरा." आणि वळून ओरडले, "रफीक! यल्ला!"

मी रफीकला आडवा गेलो. "मत जाओ. अंदर गॅस है."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग सरांकडे. "साब, अर्बाब बोला है. नहीं गया तो खलास, वापस भेज देगा." अर्बाब, म्हणजे मालक, त्याच्यासाठी सरच होते.

मी त्याचा दंड धरला होता. त्याने माझी बोटं हळूच सोडवली. रागाने नाही. आपल्या अंगावरचं लेकरू बाजूला करावं तशी. आणि तो उतरला.

थोड्या वेळाने त्याने खालून काहीतरी हाक दिली. मग पाण्यात जड काहीतरी पडल्याचा आवाज. मग काही नाही.

दुसरा मजूर ओरडत चेंबरच्या तोंडाकडे धावला. मी त्याला कमरेला मिठी मारून खाली पाडलं. तो मला शिव्या देत होता, चावत होता. "मेरा भाई है वो, छोड़!" भाऊ नव्हता. एका खोलीत राहायचे. मी सोडलं नाही. मला माझा काका दिसत होता. मी त्याच्या अंगावर पडून राहिलो आणि ओरडून सरांना मदतीसाठी फोन लावायला सांगितलं. सर गाडीत जाऊन बसले होते. फोन कानाला होता. नंतर कळलं, ते कंपनीच्या मॅनेजरशी बोलत होते.

शेवटी मीच सिव्हिल डिफेन्सला, म्हणजे इथल्या बचाव दलाला, फोन लावला. ते लोक तोंडाला मास्क, पाठीला सिलिंडर लावून उतरले. रफीकला वर काढलं. त्याच्या दाढीची मेंदी चिखलाने झाकली होती. डोळे उघडे. तो गेला होता.

पाऊस सुरू झाला. सर छत्री घेऊन माझ्याजवळ आले. हळू आवाजात, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "तू उतरला असतास तर हा वाचला असता. तुला आता सवय झाली होती."

माणूस एवढं क्रूर बोलून वर छत्री सरळ धरू शकतो, हे मी डोळ्यांनी बघितलं.

चौकशी बलदियाच्या साइट ऑफिसात झाली. लांब टेबल. सालिम, त्याचे साहेब, आमचा मॅनेजर, जोगळेकर सर आणि मी. सर उत्तम इंग्रजीत बोलले. रफीक आज्ञा न ऐकता स्वतःहून उतरला. मजुरांना शिस्त नसते. कंपनीला अतिशय दुःख आहे. मॅनेजर मान डोलावत होता.

मी म्हणालो, "हे खोटं आहे. रफीकला यांनी उतरवलं. आधी मला उतरवत होते. मी नाही म्हणालो."

सर टेबलावरून किंचित पुढे झुकले. चेहऱ्यावर तेच हसू. आवाज मऊ. मराठीत म्हणाले, "तोंड बंद ठेव. लायकीत राहा. कुणामुळे इथे आहेस ते विसरू नकोस, महारड्या."

सालिमने विचारलं, "काय म्हणाले?"

सरांनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी मी बोललो.

मी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. लायकीला शब्द सापडेना, तिथे थांबलो, आणि दोन वाक्यांत समजावलं. शेवटच्या शब्दाला इंग्रजीत शब्दच नव्हता. मी म्हणालो, ही माझ्या जातीवरून दिलेली शिवी आहे. मग पहिल्या दिवशी चेंबरपाशी काय म्हणाले होते तेही सांगितलं. सालिमचे कान लाल झाले. त्या दिवशी त्याने कौतुकाने मान हलवली होती, हे त्याला आठवलं असणार.

त्याच्या साहेबांनी विचारलं, "तुमचे लोक म्हणजे कोण? तुम्ही दोघेही भारतीय. एकाच भाषेचे."

या देशात आल्यापासून त्या दिवसापर्यंत मी तो शब्द उच्चारला नव्हता. ऑफिसात नाही, शेजाऱ्यांत नाही. आता टेबलावर ठेवला. जात. आम्ही कोण, ते कोण, कुणी कुणाला कुठे उतरवलं. माझा आवाज कापत होता. सांगून झालं तेव्हा कापत नव्हता.

सर म्हणत राहिले, "तो भावनेच्या भरात बोलतोय. भाषांतर चुकीचं आहे." पण दुसऱ्या मजुराला आत बोलावलं गेलं. त्याने एवढंच सांगितलं, "साबने मना किया था. अर्बाबने भेजा." जिवावर उदार होऊन सांगितलं.

यानंतर न्याय झाला, असं कुणी समजू नये. पोलिसांनी जबाब घेतले. बलदियाने त्या कामावरून सरांना दूर ठेवायला सांगितलं. कंपनीने त्यांना दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं. केबिन मोठी मिळाली. माझं कंत्राट पुढे वाढवलं नाही. रफीक पेटीतून चट्टग्रामला गेला. मोरी शेवटी मशीननेच साफ झाली, आत कुणीही न उतरता, एका दुपारीत. पहिल्या दिवशीही तसंच होऊ शकलं असतं.

ग्रुपवरून मला काढलं. एका सभ्य गृहस्थांचा फोन आला. पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. म्हणाले, "अहो, परक्या लोकांसमोर आपलं घरचं कशाला उकरायचं? मराठी माणसाची बदनामी झाली."

"रफीक मेला," मी म्हणालो.

"ते वाईटच झालं. पण तुम्ही जातीचं आणायला नको होतं."

मी फोन ठेवला. यांच्याकडे माणूस मेल्याचं एक वाक्य असतं आणि जात काढल्याची तक्रार दिवसभर असते. जात काढणाऱ्याची नाही. जात काढली हे सांगणाऱ्याची.

मुलीला मी सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, अडलं तिथे इंग्रजीत. काकाचं, रफीकचं, मूळ पदाचं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही उतरले नाही म्हणून तो उतरला." आरोप नव्हता. ती नुसतं समजून घेत होती. पण तिने बोट नेमकं तिथेच ठेवलं.

खरं आहे. मी माझ्यापुरतं नाही म्हणालो. तेवढं पुरत नाही. माझी जागा रिकामी झाली की ते दुसऱ्याला तिथे ढकलतात. त्याची जात वेगळी असेल, देश वेगळा असेल, धर्म वेगळा असेल. ढकलणारा हात तोच.

आता मी दुसऱ्या कंत्राटदाराकडे आहे. हुद्दा खालचा. काम तेच, वादीच्या पाण्याचं आणि मोऱ्यांचं. दर शुक्रवारी हमरियात मजुरांच्या खोल्यांवर जातो. जमिनीवर बसतो. गॅस म्हणजे काय, वास यायचा बंद झाला की समजायचं धोका वाढलाय, आत पडलेल्याच्या मागे उडी का मारायची नाही, हे हिंदीत सांगतो. मोडकंतोडकं बंगालीतही. कंपनीला ते आवडत नाही. सुपरवायझरने दोनदा बजावलं. उद्या कामावरून काढतीलही. काढू देत. जिथे जाईन तिथे हेच करीन.

माझ्या साइटवर चेंबरचं झाकण उघडलं की मी त्याच्या तोंडाशी उभा राहतो. मी आत जाणार नाही. आणि माझ्याऐवजी दुसरा कुणी जायचा असेल, तर आधी मला बाजूला करावं लागेल. मी बाजूला होणार नाही.