सुहास आणि मेमरीची तात्पुरती खिडकी

सुहास परवा गेला. वेल्ह्याला आईकडे निघाला होता. एसटीत, बसल्या जागी.

बसल्या जागी, हेच मला पटत नाहीये. हा माणूस कधी बसायचाच नाही.

कालपासून मीही घरभर फिरतेय. लिहिते, उठते, परत येते.

आमची कंपनी छोटी होती, पुण्यातली. आम्ही दोघं भोरमधून, आपापल्या घरूनच काम करायचो. नवजात बाळांच्या कॉटशेजारी लावतात तो मॉनिटर बनवत होतो. बाळाचा श्वास अडला की अलार्म वाजायला हवा.

टेस्टिंगमध्ये तो वाजायचा.

पण कधीकधी उशिरा.

थोडासाच उशीर. सुहासला तेवढ्याने जेवण जाईना.

कारण सापडलं ते कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात. आमची चिप स्वस्तातली, जुन्या पद्धतीची. कर्नलला सगळी मेमरी एकदम दिसायची नाही. हवा तो भाग बघायला एक तात्पुरती खिडकी उघडायची आणि काम झालं की बंद करायची. ती उघडी असेपर्यंत त्या प्रोसेसरवर दुसरं काम घुसू शकायचं नाही.

अलार्मसुद्धा नाही.

साहेबांचं म्हणणं, खिडक्या कमी वेळ उघडू, भागेल. त्यांना मशीन बाजारात हवं होतं. सुहास म्हणाला, खिडक्या उघडणारं फंक्शनच नव्याने डिझाइन करायला हवं. खिडकी प्रोसेसरच्या मालकीची नको, जे काम चाललंय त्याच्या मालकीची हवी. मग ते काम मधेच बाजूला सारता येईल, अलार्म आधी वाजेल, आणि काम परत आलं की त्याच्या खिडक्या पुन्हा लावून देता येतील.

साहेब नाही म्हणाले. सुहासने मशीन पास करायला नकार दिला आणि नोकरी सोडली.

मग ते मशीन पास करायला माझ्याकडे आलं. मीही नाही केलं. रोज वाटायचं, आज माझीही जाणार.

कर्नल ओपन सोर्स होता, जगात कोणीही बदल सुचवावा असा. सुहासने आपलं डिझाइन थेट त्याच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे तो सांभाळणाऱ्यांच्या सामाईक ईमेलवर पाठवलं.

कोणी उत्तरच देईना.

तो नीरेच्या काठाने येरझाऱ्या घालायचा आणि मला फोन करायचा. "ताई, काही आलं का?" लिस्ट त्याच्याही मोबाईलवर होती.

शेवटी परदेशातल्या एकाचं उत्तर आलं. त्याने डिझाइन पार सोलून काढलं होतं. सुहासच्या खिडक्या कुठल्याही क्रमाने बंद करता यायच्या, पण मग दर वेळी कुठली मोकळी आहे ते शोधत बसावं लागणार. म्हणजे पुन्हा उशीर.

मला राग आला. इतक्या महिन्यांचं काम, आणि चार ओळींत निकाल.

सुहास खूश झाला की वेल्ह्याच्या बोलीत बोलायचा. आमच्या ओट्यावर उभा राहून म्हणाला, "बरोबर हाय त्याचं, ताई. म्या नको तिथं हुशारी केली."

त्याने सगळं पुसलं. नवा नियम अगदी साधा केला. जी खिडकी शेवटी उघडली ती आधी बंद करायची, ताटांची चळत उतरवतो तशी. शोधाशोध संपली.

माझ्याकडच्या मॉनिटरच्या टेस्ट बोर्डवर आम्ही ते चालवून बघितलं. अलार्म वेळेवर वाजला. त्याचा विश्वास बसेना. दुपारभर मला पुन्हा पुन्हा चालवायला लावलं, आणि स्वतः अंगणात फेऱ्या मारत राहिला.

कर्नल सांभाळणाऱ्यांनी डिझाइन स्वीकारलं. कंपनीने नवा कर्नल घेतला, तेव्हा मी मशीन पास केलं. साहेबांनी स्वतः सुहासला फोन केला, परत ये म्हणाले. तो गेला नाही. पण फोन झाल्यावर बराच वेळ हसत होता.

काल त्याच्या आईला भेटायला गेले. मला वाटलं होतं, काय बोलू.

त्यांनीच विचारलं. "जेवता जेवता उठायचा. कशापायी ते कधी कळलं न्हाई. झालं का गं त्याचं काम?"

मी सांगितलं, झालं. बाळांच्या मशीनमध्ये आहे ते. भोरच्या एका दवाखान्यातसुद्धा आहे, चालू आहे.

त्या पदर सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ने एकदा. लांबनंच बघीन."

सुतकाचे दिवस झाले की नेतेय त्यांना. डॉक्टरांशी बोलले आहे.

सुहास, तुझ्या ताईचा तुला जड मनाने निरोप.